सरिताबाईंचं थायलंड मंडळ

चामोर्शीच्या बस स्टँडसमोरच्या गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि शेजारी सरिताबाईंचं ब्लाउज शिवायचं. मधे प्लायवूडची भिंत. भिंत म्हणजे नुसतं नाव. पलीकडे कोणी सुस्कारा टाकला तरी मला ऐकू येतो. त्यामुळे मी, जाहिद, दोन मुलींचा बाप, जुम्म्याच्या नमाजेला वेळेवर जाणारा माणूस, गेली तीन वर्षं बँकॉकच्या कॉलेजातल्या पोरापोरांची प्रेमप्रकरणं ऐकतो आहे. पाहिली फार थोडी. ऐकली मात्र सगळी, हिंदी डबिंगमध्ये, वर सरिताबाईंच्या शिव्यांसकट.

सरिताबाई पंचेचाळिशीच्या. नवरा श्रावणभाऊ राईस मिलमध्ये कामाला; घरी बोलायची पाळी त्याच्यावर सहसा येत नाही. दुकानात सरिताबाईंच्या हाताखाली दोघी असतात. हूक लावणाऱ्या आणि तुरपाई करणाऱ्या इंदुताई, आणि साड्यांना मणी-टिकल्या लावणारी शाजिया, म्हणजे माझीच बायको. दुपारी कटिंग आटोपलं की मोबाईल दोऱ्याच्या रिळांना टेकून उभा राहतो आणि दुकान बँकॉकला जातं.

हे खूळ आणलं सरिताबाईंच्या मुलीने, रिनाने. ती नागपूरला नर्सिंग शिकत होती, तिथे हॉस्टेलच्या पोरी हेच बघायच्या. सुट्टीत तिने आईला पहिला भाग लावून दिला. सरिताबाईंनी दहा मिनिटं बघितलं आणि विचारलं, "दोन्ही पोट्टेच? हिरोईन कुठी हाये?"

"आई, हिरोईनच नाई यात. ह्या दोघायचीच गोष्ट हाये."

सरिताबाईंनी मिनिटभर विचार केला. "बरं हाये," म्हणाल्या. "सून नाई त सासूचं झ्यांगट बी नाई."

झालं. एवढ्यावर प्रश्न मिटला. मी भिंतीअलीकडे तोंडात स्क्रू धरून बसलो होतो, तो गिळता गिळता वाचलो.

आता सिरीयलमध्ये असतं काय ते एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला बघायला नको. एक गोरा, बड्या बापाचा. एक सावळा, नूडल्सच्या गाडीवर राबून शिकणारा. थाई नावं कोणाच्या तोंडात बसेनात, म्हणून ते गोरा आणि सावळाच राहिले. पहिल्या भागात दोघं जिन्यात एकमेकांवर आदळतात. दुसऱ्यात एक घसरतो, दुसरा झेलतो, आणि मग ते एकमेकांकडे बघत राहतात ते इतका वेळ, की तेवढ्यात माझी एक बॅटरी बदलून होते. मग गोरा दारू पिऊन भलत्याच पोराच्या खोलीत सापडतो. सावळा रडतो. गोरा त्याच्या दारात भिजत उभा राहतो. सावळा माफ करतो. दोन भाग गेले की पुन्हा तेच. दोघांपैकी एकाने तोंड उघडून एक सरळ वाक्य बोललं असतं तर कारभार पहिल्याच भागात आटोपला असता. पण सरळ बोलले तर सिरीयलवाल्यांचं पोट कसं भरणार!

आणि ह्या बाया! इंदुताईंनी स्वतःच्या नवऱ्याला दारू पिऊन आला म्हणून भर आठवडी बाजारात चपलेने हाणलं होतं, अख्ख्या चामोर्शीने बघितलं आहे. तीच इंदुताई, तो गोरा भिजत उभा राहिला की पदर डोळ्याला लावायची. "चुकला बिचारा. प्रेम हाये ना पण त्याचं!" म्हणायची. घरच्याला चप्पल आणि बँकॉकच्याला माफी.

सरिताबाई तशा नव्हत्या. त्या माफ करत नसत. त्या खडसावत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होतात, आणि पेंडॉलमधली माणसं तोंड शिवून नाटक बघत नाहीत. खलनायकाला शिव्या घालतात, नायिकेला "जाऊ नोको वो बाई त्याच्यासंगं" म्हणून बजावतात. स्टेजवरचा नट थांबतो, त्यांचं ऐकून घेतो आणि मग पुढचं बोलतो. बापाच्या मांडीवर बसून अशी नाटकं बघत सरिताबाई वाढल्या. मोबाईलसमोरही त्या तशाच ओरडत. "काऊन बे, लाज वाटते का नाई? काल कोनाच्या खोलीत होता?" मशीन थांबवून, हातातला टेप गोऱ्याच्या तोंडावर नाचवत. फक्त एक गोष्ट त्यांनी पक्की धरली होती: नाटकातला नट ऐकतो, मोबाईलमधला ऐकत नाही. तेव्हा मोबाईलला काहीही म्हणावं, कोणाच्या कानी जात नाही आणि कोणाचं काही बिघडत नाही.

तुम्हाला वाटेल, सगळ्यात जास्त शिव्या त्या गोऱ्याला पडत असतील. अजिबात नाही. सगळ्यात जास्त शिव्या पडायच्या एका मुलीला. तिसऱ्या सीझनच्या आठव्या भागात गोऱ्याच्या बापाने त्याचं लग्न ठरवलं, ती मुलगी. आली तेव्हापासून बायांनी तिचं नाव ठेवलं चिपकी. ती हसली तरी शिवी, रडली तरी शिवी. "काऊन मधात आली वो ही?" "तोंड पाह्य तिचं, चिंच खाल्ल्यावानी." रिना तेव्हा कोर्स संपवून गडचिरोलीच्या एका खाजगी दवाखान्यात लागली होती, सुट्टीच्या दिवशी दुकानात आली की चिपकीची नक्कल करून दाखवायची आणि शाजिया हसून हसून मणी सांडायची. त्या मुलीचा गुन्हा इतकाच होता की तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. हे मी एकदा भिंतीवरून बोललोसुद्धा. पलीकडून शाजिया म्हणाली, "तुम अपना चार्जर देखो."

बरं, हे सगळं दुकानात राहिलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. पण रिनाने आईची एक झाडाझडती फोनवर रेकॉर्ड केली आणि मैत्रिणींना पाठवली. मैत्रिणींनी पुढे ढकलली. महिन्याभरात सरिताबाईंचा आवाज कुरखेड्यापासून जिवतीच्या डोंगरापर्यंत फिरला. मग त्या माझ्याकडे आल्या. "जाहिदभाऊ, एक ग्रुप बनवून द्या." मी बनवून दिला. 'थायलंड मंडळ, चामोर्शी'. नाव ठेवताना मला वाटलं, चार बाया येतील. आले सातशे लोक. ज्यांच्या घरी मुलाने केस वाढवले तरी बाप काठी घेऊन मागे लागतो, अशा घरांतले लोक तिथे दोन पोरांच्या लग्नासाठी नवस बोलत होते. अर्थात बँकॉकच्या पोरांच्या.

भाग संपला की सरिताबाई ग्रुपवर आवाजात आपला निकाल द्यायच्या. लोक प्रश्न विचारायचे, त्या उत्तर द्यायच्या, आणि शेवटी ठसक्यात, "मंग का त्यात!" हे त्यांचं शिक्कामोर्तब. विचारणाऱ्यांत एक मुलगा होता. नाव लावलेलं नाही, फोटोच्या जागी पळसाचं फूल. आवाज मऊ, आणि बोलणं संपवताना नेहमी, "बरोबर हाये का नाई, मावशी?" बाकीचे लोक विचारायचे की गोऱ्याने कोणता शर्ट घातला. हा विचारायचा की माणसाने घरच्यांना दुखवावं का.

एकदा सिरीयलमध्ये गोऱ्याच्या बापाने छातीला हात लावला. लग्न कर नाहीतर मी मरतो. पळसवाल्याने त्याच दुपारी विचारलं, "मावशी, अशात त्यानं का कराव? बापाले नाई म्हणनं होत नाई, अन् सावळ्याले सोडनं बी होत नाई. दोन्ही धरलं त का बिघडते? बरोबर हाये का नाई?"

सरिताबाई त्या दिवशी चिपकीवर भलत्या पेटलेल्या होत्या. त्यांनी मोबाईल तोंडाशी धरला आणि निकाल दिला. "करून टाक म्हना लगन! बापाचा जीव बी वाचते. पोट्टीले का समजते? तिले घर भेटलं, चार साड्या भेटल्या, चूप ऱ्हायते ते. सावळ्याले मातर सोडू नोको म्हना. मंग का त्यात!"

दुकानात टाळ्या पडल्या. ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस. रिनानेही गडचिरोलीहून अंगठा पाठवला.

दिवाळी झाली आणि मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि जत्रा हे निमित्त. खरं काम सोयरिकी जुळवायचं. पाहुण्यांनी घरं भरतात, आणि कोणाची पोरगी काय शिकली, कोणाचा पोरगा कुठे लागला, ह्याचा बाजार भरतो. त्यात रिनासाठी कुरखेड्याचं स्थळ आलं. मुलगा अश्विन, सरकारी नोकरीत. बाप नानाजी, समाजात वजन असलेला माणूस, खाकरला तरी चार जण उठून उभे राहतात. मुलाकडचे पाहायला आले तेव्हा मीही होतो. पाहुण्यांसाठी खुर्च्या मीच दुकानातून नेल्या होत्या. अश्विनसोबत त्याचा एक मित्र होता, विक्की, हसऱ्या तोंडाचा, गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला.

चहा झाला. रिनाने दोन प्रश्न विचारले, अश्विनने खाली बघून नीट उत्तरं दिली. चहाचा कप त्याने स्वतः उचलून मोरीवर ठेवला, ते रिनाने बघितलं आणि तिला तो आवडला. आवडल्याचं तिच्या तोंडावर दिसत होतं. एवढ्यात नानाजी म्हणाले, हुंडाबिंडा आम्ही घेत नाही, बाबासाहेबांची माणसं आहोत. सरिताबाई खुशीत येऊन म्हणाल्या, "मंग का त्यात!"

विक्की टुणकन उठला. "अरे अश्विन! ह्या त आपल्या मंडळवाल्या मावशी! आवाज ओळखला का?"

अश्विनने त्याच्या पायावर पाय दिला, पण गोष्ट बाहेर पडली होती. बाया हसल्या. सरिताबाई लाजल्या, सातशे लोकांच्या मंडळाची बाई शेवटी. "तुमी बी ऐकता का?" त्यांनी होऊ घातलेल्या जावयाला कौतुकाने विचारलं.

आता न बोलून चालेना. अश्विन म्हणाला, "हाव, कधी कधी. चांगलं बोलता तुमी. बरोबर हाये का नाई, विक्की?"

सरिताबाईंच्या हातात चिवड्याची बशी होती, ती तशीच राहिली. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. तो आवाज ह्या घरात आम्हा दोघांनाच नीट पाठ होता. त्यांना ऐकून, मला भिंतीतून. बाकी कोणाला काही कळलं नाही. नानाजींनी साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढली, श्रावणभाऊंनी मान डोलावली.

चार दिवसांनी सरिताबाईंनी अश्विनला साडीचा रंग ठरवायच्या निमित्ताने दुकानात बोलावलं. इंदुताईंना आणि शाजियाला लवकर घरी पाठवलं. मला पाठवायचं राहिलं, किंवा पाठवायचं नसेल.

"पळसाचं फूल तूच ना?"

पलीकडून आधी नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग तो रडायला लागला. मला शपथेवर सांगता येईल, हुबेहूब त्या गोऱ्यासारखा रडला.

"तुमीच त सांगतलं, मावशी. लगन करून टाक म्हून. मी दहादा ऐकलं ते. मले वाटलं, एवढ्या अनुभवी बाई सांगून राह्यल्या..."

"मी त्या टीवीतल्याले सांगतलं बे!"

"मले का मालूम? मी माह्याबद्दल अन् विक्कीबद्दल विचारलं होतं."

ज्या बाईला सातशे लोकांच्या प्रश्नांना उत्तरं होती, तिला एका पोराला उत्तर देता येईना. मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. पेंडॉलमधून ओरडायची सवय ठीक आहे. पण ऐकणाराही कोणाचा तरी पोरगा असतो.

"हे पोट्टी माही रिना हाये, समजते का तुले?" शेवटी त्या म्हणाल्या. "ते कोनी चिपकी नाई. तुले पोट्टे आवडतात त आवडू दे, मले त्याचं काही नाई. पर माह्या पोरीले पडदा करू नोको. घरी जा अन् बापाले सांग, मले हे लगन नोको. विक्कीचं नाव घेऊ नोको पायजे त. नाई एवढंच म्हन. तुह्याच तोंडानं."

"बाबा मारून टाकतीन."

"मंग तारीख पुढं ढकल, बाहेरगावी बदली माग, का बी कर. पर तू कर."

"हो" म्हणून तो गेला. नानाजींसारख्या बापाची भीती मला समजते. कुरखेड्यासारख्या गावात असं उघड बोलणं म्हणजे घर, नोकरी, जीव, सगळंच पणाला. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ती. पण स्वतःची भीती दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र म्हणून घालायची, हे मला समजत नाही.

रिनाला सरिताबाईंनी दुसऱ्याच दिवशी सकाळी, दोघी कामाला यायच्या आधी, दुकानातच सगळं सांगितलं. आपण दिलेल्या निकालासकट सांगितलं. रिना रडेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मी बी अंगठा देल्ला होता, आई."

"तू म्हन, मी आत्ताच जाऊन मोडतो."

"तू मोडलं त त्याचा बाप कारन विचारन. कारन सांगतलं त त्या पोराचं का होईन? मी दवाखान्यात पाह्यलं हाये, असे दोघं तिघं. फिनाईल पिऊन येतात. नाई सांगतलं त म्हनतीन पोट्टीतच खोट हाये. मले तो आवडला होता, आई. खरंच आवडला होता. त्याले बोलू दे. एक डाव तरी त्यानं बोलाव."

अश्विनने बापाला काही सांगितलं नाही. रिनाला मात्र रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवत राहिला.

साक्षगंधाचा दिवस आला. सरिताबाईंच्या वस्तीत एक चांगली रीत आहे. बुद्धवंदना झाली की बुजुर्ग उपासक उभा राहतो आणि सगळ्या मंडळींसमोर आधी मुलाला विचारतो, मग मुलीला: पसंत आहे का? मोठ्याने सांगावं लागतं, नुसती मान हलवून चालत नाही. मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. त्याशिवाय अंगठी नाही. एरवी हा प्रश्न म्हणजे गंमत असते, पोरंपोरी लाजतात आणि लोक हसतात.

उपासक झिंगूभाऊंनी अश्विनला विचारलं. सरिताबाई खांबाला धरून उभ्या होत्या. रिना सरळ त्याच्याकडे बघत होती. मीही मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, एक शब्द आहे, दोन अक्षरांचा. विक्की मागच्या रांगेत खाली मान घालून बसला होता. नानाजी खाकरले.

"हो," अश्विन म्हणाला. "पसंत आहे."

चांगला मोठ्याने म्हणाला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा.

झिंगूभाऊंनी रिनाला विचारलं.

"नाई," रिना म्हणाली.

लोक हसले. त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. झिंगूभाऊंनी पुन्हा विचारलं.

"नाई. मले हा मुलगा पसंत नाई."

मग जो गदारोळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. कारण सांग, कारण सांग. ती सांगेना. नानाजी म्हणाले, आमच्या पोरात काय कमी आहे? कोणीतरी म्हणालं, नागपूरला शिकवलं, तिथेच कोणी असेल. नानाजींची बहीण म्हणाली, पोट्टीचं चालचलनच दिसते. सरिताबाई तोंड उघडून पुढे झाल्या आणि मी म्हटलं, आता फुटलं सगळं. पण रिनाने आईचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. सरिताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बोलायचं ते गिळलं.

आणि अश्विन? तो मांडवाच्या मधोमध बसून होता. त्याच्यासाठी एक मुलगी सगळ्या समाजाच्या शिव्या खात होती आणि तो गालिच्याचे धागे ओढत होता. एकदा, फक्त एकदा, तो म्हणू शकला असता की तिला बोलू नका. तेवढ्यासाठी काही उघड करायला लागत नव्हतं.

पुढचा महिनाभर चामोर्शीने रिनाला चघळलं. बाजारात, स्टँडवर, ग्रुपवरसुद्धा. दोन स्थळं येता येता परत गेली. श्रावणभाऊंचं मिलवर बोलणं आणखी कमी झालं. सरिताबाईंनी निकाल देणं बंद केलं, पण सिरीयल काही थांबली नव्हती. दुपारी मोबाईल रिळांना टेकून लागतच होता. त्यांच्यात बंद करायचंही बळ नसावं. त्या शिवत राहायच्या, इंदुताई बघत राहायच्या. इंदुताईंना खरं कारण ठाऊक नव्हतं, तेव्हा तुरपाई करता करता त्या बिनदिक्कत म्हणायच्या, "एवढा सोन्यासारखा पोट्टा. घमेंडच लई, दुसरं का?" बाहेरच्या बाया तर ह्याहून वाईट शब्द वापरत. ते सगळे शब्द मी आधी ऐकले होते, त्या चिपकीला दिलेले.

शेवटचा भाग आला त्या दिवशी रिनाची दुपारपाळी होती, म्हणून ती जायच्या आधी दुकानात डबा घ्यायला आली होती. मोबाईलवर गोरा बापासमोर उभा राहिला, सगळं कबूल केलं, सावळ्याचा हात धरला. समुद्र, सूर्य, गाणं. इंदुताई ढसाढसा रडत होत्या. "जुळलं वो माय त्यायचं! किती सहन केलं लेकरायनं!" शाजियाचंही नाक वाजत होतं, मी ओळखतो.

त्याच वेळी विक्की आला. दुकानाच्या दारात उभा राहिला. मी बाहेर फळीवर चार्जर मांडत होतो, मला सगळं समोर दिसत होतं. तो आत गेला नाही. उंबऱ्यातूनच, इंदुताई आणि शाजिया ऐकतील असा बोलला.

"मावशी, मी सांगाले आलो. रिनाताईचं काही चुकलं नाई. लगन मोडलं ते माह्यामुळं. मी अन्... माहं प्रेम हाये, चार वर्ष झाले. ज्याले शिव्या द्याच्या हाये त्यानं मले द्या. तिले देऊ नोका."

त्याने कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. मोबाईलवर गाणं चालू होतं.

इंदुताईंचे डोळे अजून ओले होते. त्या ओल्या डोळ्यांनी त्यांनी विक्कीला खालपासून वरपर्यंत बघितलं, पदर नाकाला लावला, आणि त्यांची खुर्ची दारापासून मागे सरकल्याचा आवाज आला. "शी," त्या म्हणाल्या. "भर दुपारी, बायामानसात! आपल्याइकडं बी हे घान सुरू झालं का?"

सरिताबाईंनी मशीनच्या पायडलवरचा पाय काढला.

"काऊन वो इंदुताई," त्या म्हणाल्या, "तुमाले रडाले थायलंडचेच लागतात?"

इंदुताईंनी पिशवी उचलली आणि विक्कीला अंग लागू नये म्हणून तिरप्या होऊन निघून गेल्या. माझी शाजिया मात्र गेली नाही. ती खाली मान घालून मणी वेचत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिलाच माहीत.

रिना डबा घेऊन दारात आली. "तो कुठी हाये?" तिने विचारलं.

विक्कीने मान वळवली. माझ्या दुकानापुढे एक मोटारसायकल उभी होती. तिच्यावर अश्विन बसला होता. हेल्मेट घालून, काच खाली पाडून. डिसेंबरची कोवळी दुपार, गाडी बंद, आणि हा हेल्मेटमध्ये.

"म्हनाला, येतो. इथवर आला," विक्की म्हणाला. "तिथून पुढं येईना."

"बोलाव त्याले. मले का बी ऐकाचं नाई. फक्त उतर म्हना."

विक्कीने हाक मारली. हेल्मेट हललं, पण माणूस उतरला नाही. विक्की दोन पावलं गेला, त्याच्या काचेवर हात ठेवला आणि हळू काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. उघड्यावर बोललेलं मला ऐकू येत नाही, भिंत लागते. हेल्मेट डावीकडून उजवीकडे फिरलं. नाही.

तेव्हा विक्कीने आपली बॅग गाडीच्या हुकावरून काढून घेतली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसता थकवा होता. "मी बसनं जातो," तो म्हणाला.

काचेआडून आवाज आला, "विक्की, ऐक ना, घरी बोलू..."

"चार वर्ष तुह्या घरीच बोलून राह्यलो, दार लावून," विक्की म्हणाला.

रिनाने डबा पर्समध्ये टाकला. "चाल," ती विक्कीला म्हणाली. "मले बी गडचिरोलीचीच गाडी पायजे. उभं ऱ्हा लागन, आज बाजार हाये."

दोघं गल्लीतून निघाले. लोक बघत होते. ज्यांनी महिनाभर तिला नावं ठेवली तेच चहाच्या टपरीवर बसून होते, आता त्यांना आणखी एक विषय मिळाला. ती वळून बघायला तयार नव्हती. कोपऱ्यावर विक्की डोळे पुसायला थांबला तेव्हा ती त्याची बॅग धरून उभी राहिली, मग स्टँडकडे वळली. सरिताबाई दारात उभ्या राहून कोपऱ्याकडे बघत होत्या. त्या ओरडल्या नाहीत, कोणाला काही सांगितलं नाही.

अश्विन तसाच बसून होता. माझ्याकडे एक म्हातारा माणूस फोन दाखवायला आला, त्याला फळीपर्यंत पोहोचता येईना. मी गाडीजवळ गेलो आणि हेल्मेटवर टकटक केलं.

"भाऊ," मी म्हणालो, "गाडी बाजूले घे. गिऱ्हाइकाचा रस्ता अडवून राह्यला तू."

त्याने लगेच घेतली.